उजेडाने रंग बदलणारी बाटली आणि आमचा लाल बावटा

चहा नंतर घ्या, आधी हे ऐका. मला हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं, कारण शनिवारपासून मी भेटेल त्याला हेच सांगत सुटलेय आणि सगळे अर्ध्यावरच "बरं बरं" करून सटकतात. लिहिलं की निदान मधेच कुणी उठून जाणार नाही. म्हणजे जाईल, पण मला दिसणार नाही.

तर. आमचं घर रेवदंड्याला, खाडीच्या तोंडाशी. बाबांची छोटी बोट आहे आणि दादा बारावीनंतर त्यांच्याबरोबर समुद्रात जायला लागला. मी केमिस्ट्रीत एमएस्सी करतेय. माझं प्रोजेक्ट काय आहे ते पुढे सांगते, खरं तर सगळी गंमत त्यातच आहे, पण आधी भांडण सांगावं लागेल. भांडणाशिवाय प्रोजेक्ट कळणार नाही.

आमच्याकडे जाळं समुद्रात सोडून येतात आणि नंतर जाऊन ओढतात. कुणाचं जाळं कुठलं हे लांबून कळायला टोकाच्या बोयाला, म्हणजे तरंगत्या गोळ्याला, एक काठी लावतात आणि काठीला बावटा. प्रत्येक घराचा रंग ठरलेला. आमचा लाल, आईच्या जुन्या साडीचा. शेजारच्या काकांचा हिरवा. काकांचं घर आमच्या शेजारी, बोट आमच्या शेजारी आणि जाळंसुद्धा आमच्या शेजारीच लागतं. दुसऱ्याच्या बावट्याखालचं जाळं ओढणं म्हणजे आमच्यात दुसऱ्याच्या चुलीवरचं भांडं उतरवून नेणं. त्याला चूक कुणी म्हणत नाही, चोरीच म्हणतात.

आणि दादाने ते केलं. दोनदा.

पहिल्यांदा दिवाळीनंतर. जवळच्या जाळ्यांना तो एकटाच जायचा. अर्धं जाळं ओढल्यावर हाताला गाठी वेगळ्या लागल्या, तसं त्याने ते परत सोडलं आणि येऊन स्वतःच काकांना सांगितलं. काका हसले. म्हणाले, याचं लग्न करा, लक्ष जाग्यावर येईल. विषय संपला.

दुसऱ्यांदा संक्रांतीच्या सुमारास. तेव्हा काकांनी नवीन जाळं घेतलं होतं, आमच्यासारखंच, एकाच दुकानातलं, त्यामुळे गाठी पण सारख्या. दादाने सगळं ओढलं, किनाऱ्याला आणलं, आणि समोर काका उभे. जाळ्यात पापलेट, तीही चांगली मोठी. मासळी घ्यायला आलेल्या सगळ्या बायका बघतायत. काकांनी आवाज चढवला नाही, तेच वाईट झालं. शांतपणे म्हणाले, "एकदा झाली ती चूक. दुसऱ्यांदा ती सवय."

बाबांनी काकांची सगळी मासळी तर दिलीच, आपलीही टोपली त्यांच्या दारात ठेवून आले. मग घरी येऊन दादाला म्हणाले, "उद्यापासून बोटीवर नको येऊस. न्हावा शेव्याच्या बंदरात बघ काय तरी. तिथं डबे लोखंडी असतात, कुणाचे उचलून आणता येणार नाहीत."

आई रडली. शिमगा झाला की गावातली जाणती माणसं बसणार आणि दादाने त्या पट्ट्यात जाळं लावायचं की नाही ते ठरवणार, असं कानावर यायला लागलं. एकदा तसं ठरलं की तो शिक्का पोराबाळांपर्यंत जातो. कुणाची पोरं म्हणून विचारलं की लोक आधी तेच सांगतात.

मला सगळ्यात भीती कशाची वाटली सांगू? दादाच्या बोलण्याची. मागच्या पडवीत मला म्हणाला, "बाय, मी बघूनच ओढलं गो. बावटा बघितला, आपलाच व्हता. आता मलाच वाटतं हाताला खरंच खोड लागली असंल." म्हणजे गावाचं सोडा, तो स्वतःच स्वतःला चोर समजायला लागला होता.

हां. आता प्रोजेक्ट.

जाड्या मिठाचा खडा डोळ्यासमोर आणा. त्याचा चुरा करा, त्या चुऱ्याचा चुरा, असं करत राहा, इतकं की एका केसाच्या जाडीत हजारो खडे शेजारी शेजारी बसतील. इतके बारीक स्फटिक मी बनवते. मिठाचे नाहीत, मोबाईलच्या चिपमध्ये जो अर्धवाहक असतो त्या जातीच्या एका पदार्थाचे. ते एका द्रवात तरंगतात. नुसते बघितले तर बाटलीत पातळ पिवळट पाणी, कुणी ढुंकून बघणार नाही. पण त्यावर जांभळा टॉर्च मारा. अख्खी बाटली आतून पेटते. हिरवी! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी अक्षरशः खुर्चीतून उठले होते.

हिरवी का? कारण त्या स्फटिकांमध्ये ब्रोमीन बसलेलं असतं. ब्रोमीन जाऊन तिथे क्लोरीन बसलं की रंग निळ्याकडे सरकतो, आयोडीन बसलं की लालकडे. ही अदलाबदल आणखी एखादं रसायन ओतूनही करता येते, पण ते आमटीत मीठ टाकण्यासारखं, पडलं की पडलं. आम्ही ती उजेडाने करतो. क्लोरीन त्या द्रवातच असतं, पण बांधलेलं. वरून जांभळा मोठा दिवा लावला की स्फटिक तो उजेड पितात, त्या जोरावर क्लोरीन सुटं होतं आणि ब्रोमीनच्या जागेवर जाऊन बसतं. थोडा वेळ दिवा, थोडा रंग सरकला. आणखी वेळ, आणखी सरकला. दिवा बंद केला की जिथे असेल तिथे थांबला. बाटलीला हात लावायचा नाही, झाकण उघडायचं नाही, फक्त उजेड! मी हे किती वेळा केलंय, तरी दर वेळी अंगावर काटा येतो. आपण आयुष्यभर उजेडात रंग बघतो, आणि इथे उजेडच आत शिरून रंग बदलतोय.

तर दादा घरी बसून होता म्हणून त्याने एक दिवस मला बाइकवरून कॉलेजला सोडलं. म्हटलं चल, वर ये, दाखवते. तो नको नको म्हणत होता, चपला चिखलाच्या आहेत म्हणे. आमच्या मॅडम लॅबमध्येच होत्या, म्हणजे माझ्या प्रोजेक्टच्या गाइड. त्यांनी त्याला गॉगल दिला, बसा म्हणाल्या आणि आपल्या कामाला लागल्या.

मी पडदा ओढला, छोटा टॉर्च मारला. म्हटलं बघ कसा हिरवागार. तो म्हणाला, "व्हय, हिरवा." मग मोठा दिवा लावला, थोड्या वेळाने बंद केला, परत टॉर्च. रंग हिरव्या आणि निळ्याच्या मधोमध येऊन थांबला होता. ती माझी सगळ्यात आवडती छटा. फोटोतल्या समुद्रात असते तशी. आमच्या खाडीत कधीच नसते, आमची खाडी चहाच्या रंगाची. मी विचारलं, आता? मला वाटलं तो वा म्हणेल.

तो म्हणाला, "रंग गेला याचा. पांढरा झाला."

मी हसले. म्हटलं पांढरा काय, मस्करी करतोस? त्याला वाटलं मीच त्याची मस्करी करतेय. गॉगल काढायला लागला. तेवढ्यात मागून मॅडमचा आवाज आला, थांबा, परत एकदा सांगा काय दिसतंय. तो ओशाळून म्हणाला, ट्यूबलाइटसारखा पांढरा. मॅडमनी मला दिवा आणखी चालवायला सांगितलं. पुढे सरकून रंग निळा झाला, तसा दादा लगेच म्हणाला, हा निळा, हा मस्त हाय.

मग मॅडमनी दुसरी बाटली काढली, आयोडीनवाली. तीही सुरुवातीला हिरवी. दिवा लावत गेलो, बंद करत गेलो, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती हिरव्याची पिवळी झाली, पिवळ्याची नारिंगी, आणि शेवटी लाल. निखाऱ्यासारखी लाल. मॅडम दर वेळी विचारत होत्या, बदलला का? आणि दादा दर वेळी म्हणत होता, नाय. शेवटी मला हळूच विचारतो, "बाय, मशीन बंद हाय काय?"

एकाच बाकावर, खांद्याला खांदा लावून, एकच बाटली बघत होतो आम्ही. माझ्याकडे ती हिरव्यापासून लालपर्यंत चालत गेली. त्याच्याकडे ती जागची हललीच नाही, जरा मंद झाली एवढंच.

मॅडमनी त्याला नीट सांगितलं की लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत अशी पुष्कळ माणसं असतात, जन्मापासून, आणि बऱ्याच जणांना ते कळतही नाही. मी डॉक्टर नाही, म्हणाल्या, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. आम्ही तसेच अलिबागला गेलो. डॉक्टरांनी ठिपक्यांची चित्रं दाखवली, ठिपक्यांत आकडे लपलेले होते, दादाला त्यातले बरेचसे सापडलेच नाहीत. त्यांनी तसा कागद लिहून दिला.

मी विचार करत होते, इतकी वर्षं कुणाला कसं कळलं नाही? मग बाइकवर मागे बसल्या बसल्या एकेक आठवायला लागलं. टोमॅटो आणायला पाठवलं की तो प्रत्येक टोमॅटो दाबून बघायचा. मासा ताजा आहे का ते कल्ला उघडून लाली बघून ठरवतात, हा नाकाला लावून ठरवायचा आणि आम्ही म्हणायचो काय तिखट नाक आहे. पान हिरवं असतं, मिरची पिकली की लाल होते, हे त्याला पाठच होतं, आपल्यासारखंच. कुठल्या वस्तूचा रंग काय हे माहीत असलं की बघावं लागत नाही. माझ्या बाटलीचं तसं नव्हतं. तिचा रंग आत्ता काय आहे ते फक्त दिव्याला माहीत. पाठ करायला काही नव्हतंच, म्हणून तो पकडला गेला.

घरी येऊन मी धापा टाकत सगळं सांगितलं. बाबा जेवत होते. म्हणाले, याच्या डोळ्याला काय धाड भरलीय, कोसावरची बोट कुणाची ते सांगतो हा. कागद दाखवला तर म्हणाले, कागद काय, मागितला की मिळतो. आणि कुंपणापलीकडून काकांनी ऐकलं होतं. ते म्हणाले, "भावाला वाचवायला बाय आता रंगांची जादू शिकून आली."

मला इतका राग आला की मी म्हटलं, मग या ना. तुम्हीच दिवा चालवा. मी बटणाला हात लावणार नाही.

आणि ते आले! शनिवारी बाबा आणि काका, दोघं, इस्त्रीचा शर्ट घालून. येताना रिक्षात एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत, मी मध्ये बसले होते, दादा मागून बाइकवर. मॅडमनी परवानगी दिली होती आणि दोघांना गॉगल दिले. काकांनी आधी बाटली सगळ्या बाजूंनी बघितली, खाली वायर वगैरे आहे का तेही बघितलं. मी बटण दाखवलं. आयोडीनवाली ताजी बाटली ठेवली, टॉर्च मारला, हिरवी. काका म्हणाले, हां, हिरवी हाय.

मग काकांनीच नियम केला. दादाने भिंतीकडे तोंड करून बसायचं. काका वाटलं तर दिवा लावणार, वाटलं तर नुसतं बटणावर बोट ठेवून उगाच थांबणार. मग हाक मारणार. दादाने वळून सांगायचं, रंग तोच की बदलला.

पहिल्यांदा काकांनी दिवा लावलाच नाही. दादा म्हणाला, तोच. काका माझ्याकडे बघून मिशीत हसले. मग लावला. बाटली पिवळी. दादा म्हणाला, तोच. परत लावला, जरा जास्तच. नारिंगी. तोच. आता बाबा खुर्ची ओढून पुढे आले. काकांनी दिवा लावला तो ठेवलाच, मॅडमना बस म्हणावं लागलं. टॉर्च मारला आणि बाटली लालभडक. बाबांच्या तोंडातून "आई गं" निघालं. म्हणजे त्यांना बाटलीचंच आश्चर्य वाटलं होतं, दादा क्षणभर विसरलेच ते. आणि दादा वळला, वाकून नीट बघितलं, आणि म्हणाला, तोच. जरा मंद झालाय.

काकांनी गॉगल काढला, शर्टाला पुसला, परत घातला. मग आणखी एक ताजी हिरवी बाटली मागितली आणि लालच्या शेजारी ठेवली. त्यांना रंगाची नावं घ्यायचीच नव्हती. म्हणाले, "यातला तुमचा बावटा कंचा नि आमचा कंचा?"

दादा खूप वेळ बघत राहिला. कधी मान वाकडी करून, कधी लांब जाऊन. शेवटी लाल बाटलीकडे बोट केलं. म्हणाला, हा मंद हाय, म्हणजे हा आपला असंल.

"असंल?"

"नक्की नाय सांगता येत, काका."

मग काका हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं तू अंदाजाने आमचं जाळं सोडत व्हतास?"

मी ते तसं कधी बघितलंच नव्हतं! आम्ही सगळे दोनदा चुकला, दोनदा चुकला करत होतो. पण शाळा सोडल्यापासून रोज तो तिथे जातोय, आणि रोज दोन सारख्याच बावट्यांमधून आपला ओळखून काढतोय. मॅडमनी विचारलं, कसं ओळखायचास? दादा म्हणाला, काकांची काठी वाकडी व्हती, टोकाला. वाकडी ती काकांची, सरळ ती आपली.

काकांनी कपाळाला हात लावला. काठी त्यांनी दिवाळीच्या आधी बदलली होती.

आता इथे गोष्ट संपली असं मला वाटलं, मी टाळ्या वाजवायच्या बेतात होते. पण बाबांचा चेहरा बघितला. त्यांनी दादाला विचारलं, रात्री समोरून बोट येते तेव्हा तिचे दिवे? बोटीच्या एका बाजूला लाल दिवा असतो, दुसऱ्या बाजूला हिरवा, त्यावरून ती कुठल्या बाजूने येतेय ते कळतं. दादा म्हणाला, दोन्ही सारखेच दिसतात, मी जरा वेळ थांबून बघतो कुठं सरकते. बाबा स्टुलावर बसले. त्यांनी कित्येकदा त्याच्या हातात बोट देऊन डोळा लावला होता.

काकाच आधी उठले. म्हणाले, निळा दिसतो ना याला, बाय सांगत व्हती, मग निळा करून दाखवा. मी क्लोरीनवाली बाटली ठेवली. या वेळी बटण दादाच्या हातात दिलं. म्हटलं, तुला जो सगळ्यात झणझणीत दिसेल तिथे थांब. त्याने दिवा चालवला, टॉर्च मारून बघितलं, परत चालवला. मधे तो पांढरा लागला त्याला, तेव्हा काकांना मुद्दाम दाखवून म्हणाला, बगा, इथं मला काय नाय. काका बाटलीत इतके वाकून बघायला लागले, जणू दादाला जे दिसत नाही ते त्यांनाही दिसायचं थांबेल. मग पुढे सरकून एका निळ्यावर दादाने बोट उचललं. म्हणाला, हा.

बापापासूनचा हिरवा आपण सोडणार नाही असं काकांनी परतताना रिक्षातच सांगून टाकलं. पण खाली निळी पट्टी बांधू म्हणाले. त्या निळ्याची साडी काकींकडे एकच निघाली, लग्नातली, आणि काकींनी कपाटाला कुलूप लावून चावी कमरेला खोचली. मग निळ्या ताडपत्रीचा तुकडा कापला. रविवारी दोघांनी मिळून बांधला, काका आणि दादा.

मासळी घ्यायला येणाऱ्या बायकांना काकांनी स्वतः सांगितलं की शिमग्यानंतर कुणी बसायचं कारण उरलेलं नाही. सगळ्यांना पटलंय असं नाही. एक जण काल आईला म्हणालीच, डोळ्याला बरी पापलेटंच दिसली. आई काय बोलली ते इथे लिहीत नाही.

दादा सोमवारपासून परत बोटीवर जातोय. पण त्याला तांडेल व्हायचं होतं, मोठ्या बोटीवर, जो रात्रभर बोट चालवतो आणि बाकीचे त्याच्या भरवशावर झोपतात. ते आता होणार नाही. बाबांनी सांगितलं आणि त्यानेही मानलं. आज सकाळी मी त्याला विचारलं, वाईट वाटतं का? तो जाळं नीट करत होता. म्हणाला, "वाटतं ना. पण चोर नाय गो मी, बाय." आणि परत गाठी मारायला लागला, जसं काही फार मोठं बोललाच नाही.

मी कॉलेजला आले, पडदा ओढला, बाटली ठेवली, दिवा लावला. माझी आवडती छटा आली तिथे थांबवली आणि नुसती बघत बसले. बाटली तीच, उजेड तोच. दादाच्या डोळ्यांनी हिला कशी बघू? खूप प्रयत्न केला. नाही जमलं.

म्हणून विचारतेय, खरंच सांगा. तुमच्या घरात असं कुणी आहे का, ज्याच्या शेजारी बसून तुम्ही वर्षानुवर्षं एकच गोष्ट बघितलीत आणि एक दिवस कळलं की त्याला ती कधी तशी दिसलीच नव्हती? कसं कळलं तुम्हाला? आणि कळल्यावर तुम्ही त्याला आधी काय विचारलंत?